चक्रम पत्रांची फाईल

वाचक हा मोठा हट्टी प्राणी. लेखकाने कथा संपवली म्हणून ती संपली, असे तो सहसा मानीत नाही. १८९३ साली कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यात लोटून हात झटकले. वाचक भडकले, लेखकाकडे तक्रारी गेल्या, आणि अखेर १९०३ साली होम्स जिवंत होऊन परत आला. आमच्या लहानपणी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार कितीही गोळीबारात सापडला, तरी पुढच्या पुस्तकात तो भेटणारच या भरवशावर आम्ही निर्धास्त झोपी जात असू. इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाने तर न मरण्याची घराणेदार परंपराच घालून दिली होती. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवी, आणि जंगलाला वाटे की हा तोच.

मला सांगायचे आहे ते खराखुरा शेवट झालेल्या एका अमेरिकी चित्रकथेविषयी, आणि त्या शेवटाने वाचकांत जे भांडण लावून दिले त्याविषयी. कॉमिक म्हटले की आपल्याकडची विद्वान मंडळी नाक मुरडतात. खुशाल मुरडोत. लेखक, वाचक आणि मालक या तिघांत कथेचा शेवट नेमका कुणाचा, हा प्रश्न या बदनाम प्रकारात जितका उघडावाघडा होऊन पुढे आला, तितका प्रतिष्ठित कादंबरीतही फारसा आलेला नाही.

सुपरमॅन १९३८ चा, बॅटमॅन १९३९ चा. दोघेही वयाने आमच्या वडीलधाऱ्यांच्या बरोबरीचे, पण केस पिकलेले नाहीत. मालकाला शेवट परवडणारा नव्हता. नायक मेला की धंदा बसला. अशा न संपणाऱ्या कथेत वाचकाला बोलायला जागा एकच, ती म्हणजे अंकाच्या अखेरचे पत्रांचे पान. डीसी कंपनीचे संपादक ज्यूलियस श्वार्ट्झ हे मूळचे विज्ञानकथांचे चाहते. १९३२ साली पोरवयात त्यांनी मित्रांबरोबर चाहत्यांचे एक हौशी नियतकालिकही काढले होते. १९६० च्या सुमारास त्यांनी एक साधी गोष्ट केली. वाचकांची पत्रे त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह छापायला सुरुवात केली. झाले! वाचक संपादकाला सोडून एकमेकांनाच पत्रे लिहू लागले. जेरी बेल्स या प्राध्यापकाने आणि रॉय थॉमस या तरुण वाचकाने १९६१ साली 'अल्टर ईगो' हे चाहत्यांचे पत्रक सुरू केले. हाच थॉमस पुढे १९७२ साली मार्व्हल कंपनीचा मुख्य संपादक झाला. पत्रांच्या पानावरून खुर्चीपर्यंतचा हा प्रवास ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

ठरावीक अंकांत संपणारी छोटी मालिका डीसीने १९७९ पासून काढायला सुरुवात केली. आरंभ, मध्य आणि शेवट असे आपण ज्याला कथा म्हणतो, ते सुपरहीरोंच्या वाचकाला तेव्हा कुठे नियमाने मिळू लागले. या प्रकारातली सर्वांत गाजलेली मालिका म्हणजे 'वॉचमेन'. लेखक ॲलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स, दोघेही इंग्रज; रंग जॉन हिगिन्स यांचे. अंक बारा. मुखपृष्ठावरच्या तारखा सप्टेंबर १९८६ ते ऑक्टोबर १९८७. म्हणजे बारा महिन्यांच्या वायद्याला चौदा महिने लागले. दिवाळी अंकाच्या संपादकांनी हे वाचून हसू नये.

या मालिकेत वाचकांच्या पत्रांचे पान नव्हते. कारण अगदी व्यावहारिक. पहिल्या दोनतीन अंकांपर्यंत पत्रे येणार कुठून, म्हणून त्या जागी कथेतल्याच एका पात्राच्या आत्मचरित्राची पाने छापली. पुढे मूर आणि गिबन्स यांना ती रचनाच आवडली, आणि पत्रांचे पान आलेच नाही. शिवाय ही मालिका सर्वसाधारण वृत्तपत्रविक्रेत्यांकडे न मिळता खास कॉमिकच्या दुकानांतच मिळे. तेव्हा तिच्यावरची चर्चा झाली ती दुकानांच्या काउंटरवर, संमेलनांत आणि 'कॉमिक्स जर्नल'सारख्या नियतकालिकांत. अंकात मात्र वाचकाला तोंड नव्हते.

कथा थोडक्यात सांगतो. अमेरिका आणि रशिया अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आहेत. ओझिमँडियस हा जगातला सर्वांत हुशार म्हणवला जाणारा माजी सुपरहीरो एक राक्षसी, परग्रहावरचा वाटावा असा प्राणी प्रयोगशाळेत घडवतो आणि न्यूयॉर्कच्या मध्यावर आणून टाकतो. लाखो माणसे मरतात. परग्रहावरून हल्ला झाला असे समजून दोन्ही महासत्ता वैर विसरतात. युद्ध टळते. बाराव्या अंकाची सुरुवातीची पाने एकेका पूर्ण पानाच्या चित्राची आहेत. एरवी पानाला नऊ चौकटी मोजून मापून घालणारा गिबन्स इथे चौकटी मोडून प्रेतांनी भरलेला रस्ता दाखवतो, आणि ती पाने बोलत नाहीत. मी हे पुस्तक पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावर घेतले, तेव्हा विक्रेत्याने ते मुलांच्या गठ्ठ्यात ठेवले होते!

उरलेल्या नायकांना सत्य कळते. सांगावे तर युद्ध पुन्हा पेटणार. न सांगावे तर लाखोंच्या खुन्याला मोकळे सोडायचे. सगळे गप्प राहायचे ठरवतात. रॉर्शाख नावाचा एकच हटवादी, मळकट कोटातला, मुखवट्यावर शाईचे डाग हलणारा माणूस नाही म्हणतो, आणि बर्फात मारला जातो. पण त्याआधी त्याने आपली रोजनिशी 'न्यू फ्रंटियर्समन' या कडव्या उजव्या पत्राला टपालाने धाडलेली असते. संपादक ती चाळून चक्रम वाचकांच्या पत्रांच्या फाईलीत टाकायला लावतो. अगदी शेवटच्या पानावर दोन पाने भरायला मजकूर कमी पडतो, तेव्हा तो सेमूर नावाच्या गबाळ्या मदतनिसाला सांगतो, त्या फाईलीतले काहीतरी उचल, तुझे तू ठरव. सेमूरचा हात पुढे होतो, आणि मालिका तिथे थांबते.

मला या चौकटीचे नवल वाटत आले आहे ते वेगळ्या कारणाने. ज्या मालिकेने आपल्या अंकातून वाचकांची पत्रे हद्दपार केली, तिचा शेवट येऊन थांबतो तो वाचकांच्या पत्रांच्या ढिगावर! रॉर्शाख हाही मुळात एक निष्ठावंत वाचकच. आपले आवडते पत्र तो नेमाने घेतो, आणि मरण समोर दिसताच शेवटचे टपाल टाकतो ते त्याच पत्राला. आमच्या बेळगावात 'वाचकांची पत्रे' हे सदर पहिल्या पानाआधी उघडणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना रॉर्शाखचा स्वभाव समजावून सांगावा लागणार नाही.

प्रतिक्रिया काय झाल्या? गौरव तर झालाच. १९८८ साली 'वॉचमेन'ला ह्यूगो पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार पंडितांची समिती देत नाही. जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद, म्हणजे वाचकच, मते टाकून देतात. एरवीच्या वर्गवारीत चित्रकथा बसेना, म्हणून 'इतर प्रकार' असा एक विभाग त्या वर्षी होता. पण शेवटाविषयी कुरबुर होती ती होतीच. इतक्या वास्तव, थंड डोक्याने रचलेल्या कथेत तो अवाढव्य प्राणी अनेकांना हास्यास्पद वाटला. दुसरा आक्षेप उसनवारीचा. १९६३ च्या 'द आउटर लिमिट्स' या दूरदर्शन मालिकेच्या एका भागात शास्त्रज्ञ बनावट परग्रहवासी घडवून जगाला एकत्र आणू पाहतात. हे साम्य खुद्द संपादक लेन वाइन यांना खटकले होते, आणि त्यांनी मूर यांना शेवट बदलायला सांगितले होते. मूर यांनी बदलला नाही. उलट बाराव्या अंकात एका दूरदर्शन संचावर त्याच कार्यक्रमाचा उल्लेख घालून ऋण उघड मान्य केले. मला हे मूर यांचे उत्तर पुरेसे वाटते. कल्पना कुणाची यापेक्षा तिचा हिशेब कोण चुकता करतो हे महत्त्वाचे, आणि इथे तो प्रेतांच्या पानांनी चुकता केला आहे.

खरा तंटा रॉर्शाखचा. मूर यांनी तो रंगवला होता इशारा म्हणून. मुखवटा घालून न्याय वाटत फिरणारा माणूस खऱ्या जगात कसा असेल? एकाकी, दुर्गंधी येणारा, कुणालाही माफ न करणारा. पण असंख्य वाचकांनी त्यालाच नायक केले. रस्त्यात माणसे येऊन 'मीच रॉर्शाख' असे अभिमानाने सांगतात आणि मग त्यांच्यापासून दूर जावेसे वाटते, असे मूर पुढे मुलाखतीत म्हणाले. मला मात्र वाचकांची अगदीच चूक म्हणवत नाही. बर्फातल्या त्या प्रसंगात मृतांची बाजू घेणारा दुसरा कुणी उरतच नाही. बाकीची सगळी समंजस माणसे. त्यांचे मौन मला रॉर्शाखच्या क्रौर्याइतकेच बोचते. शेवटचे पान वाचकाच्या हाती सोपवले की वाचक त्यातून काय उचलेल यावर लेखकाचा ताबा राहत नाही. संपादकाने सेमूरला सांगितले तेच मूर यांनी वाचकांना सांगितले होते; आता तक्रार कसली करायची?

चाहत्यांच्या प्रेमाचे पैसेही झाले. रक्ताचा डाग पडलेल्या हसऱ्या पिवळ्या चेहऱ्याचे बिल्ले कंपनीने विकले, आणि हा माल केवळ जाहिरातीचा आहे म्हणून त्यातला वाटा देण्यावरून मूर आणि गिबन्स यांच्याशी वाद झाला. मोठा वाद हक्कांचा. पुस्तक छपाईबाहेर गेले की हक्क लेखक-चित्रकाराकडे परत यायचे, असा करार होता. वाचकांनी ते इतके विकत घेतले की ते छपाईबाहेर कधी गेलेच नाही! वाचकांच्या प्रेमानेच लेखकाचे पुस्तक त्याच्या हातून कायमचे गेले, असा प्रकार मी दुसरा ऐकलेला नाही.

त्याच कंपनीने पुढच्याच वर्षी वाचकांना शेवट सरळ विकायला काढला. सप्टेंबर १९८८ मध्ये बॅटमॅनचा साथीदार रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, याला स्फोटात टाकून कथा थांबवली आणि दोन दूरध्वनी क्रमांक छापले. एक त्याला जगवायचा, दुसरा मारायचा. एका फोनला ५० सेंट. मारा म्हणणारे ५,३४३, जगवा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगा मेला. एकाच माणसाने संगणकाला जुंपून मारा-मारा असे पुष्कळ फोन लावले होते असे कळल्याचे संपादक डेनिस ओनील यांनी नंतर सांगितले. वर्तमानपत्रांनी झोडपले ते ओनील यांनाच. २००५ साली जेसन टॉडही परत आला. अर्नाळकरांचा कायदा अमेरिकेतही चालतो तो असा.

'वॉचमेन'चे दार मालकांनी फार काळ बंद ठेवले नाही. २००९ च्या चित्रपटात तो प्राणी काढून टाकला, तर इतकी वर्षे त्याला हसणारे वाचक होते तसे त्याच्यासाठी हळहळणारेही निघाले. २०१२ मध्ये पूर्वकथा आल्या. नंतर २०१७ ते २०१९ या काळात जेफ जॉन्स आणि गॅरी फ्रँक यांची बारा अंकांची 'डूम्सडे क्लॉक' आली, आणि २०१९ मध्येच डेमन लिंडेलॉफ यांची दूरदर्शन मालिका. पोरवयात 'वॉचमेन' वाचलेले लिंडेलॉफ म्हणजे रॉय थॉमस यांच्याच वाटेने खुर्चीत बसलेला वाचक. या दोन्ही कथांत सेमूरच्या हाताचे काय झाले याचे उत्तर दिले आहे, आणि ते एकच आहे. फाईलीतली रोजनिशी निघाली आणि छापली गेली. जॉन्स यांच्या कथेत लोक ओझिमँडियसच्या मागे लागतात. लिंडेलॉफ यांच्या मालिकेत ती रोजनिशी पोथीसारखी मानून गोरे वंशद्वेष्टे रॉर्शाखचा मुखवटा चढवतात आणि पोलिसांची घरे गाठून त्यांना मारतात.

मूर या कशातही नाहीत. २००९ च्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत गिबन्स यांचे नाव आहे. मूर यांनी आपले घालू दिले नाही.