अण्णांची स्नोमोबाइल

आमच्या शेजारचे गृहस्थ सत्तरीचे आहेत. मी मनातल्या मनात त्यांना अण्णा म्हणते. इथे मिनेसोटात थंडी सुरू झाली की त्यांच्या गॅरेजमधला दिवा रात्री उशिरापर्यंत जळत असतो. आत त्यांची जुनी स्नोमोबाइल असते, पोलारिस कंपनीची 'इंडी'. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा आणि वर मोटरसायकलसारखी सीट. गेल्या हिवाळ्यात या गाडीने अण्णांची कंबर पार मोडली. काकूंनी (म्हणजे त्यांच्या पत्नीने, माझ्या हिशेबी त्या काकूच) निर्वाणीचं सांगितलं, पुढचं सस्पेन्शन सुधारा नाहीतर गाडी विका. 'विकणे आहे' अशी पाटीसुद्धा त्यांनी रंगवून ठेवली.

मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. पण या धक्क्यांची गोष्ट शोधता शोधता मी थेट १९३४ सालात जाऊन पोचले.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हालकूर नावाचं गाव आहे. तिथला मेकॅनिक जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए बर्फावर चालणारं वाहन बनवायच्या खटपटीत होता. त्या जानेवारीत त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ अपेंडिक्सने आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद झालेले, आणि गॅरेजमधलं एकही यंत्र चालण्याच्या अवस्थेत नव्हतं. मुलगा गेला. १९३७ मध्ये बॉम्बार्डिएला दातेरी चाकावर फिरणाऱ्या पट्ट्याचं पेटंट मिळालं आणि त्याची सात माणसांची 'बी-७' बाजारात आली. डॉक्टर, पोस्टवाले, पाद्री अशी तिची गिऱ्हाइकं. त्या काळी प्रश्न एकच होता, पोचायचं कसं? कंबरेचा विचार कोण करणार!

पुढे १९४८ मध्ये क्वेबेक सरकारने खेड्यांतले रस्तेही हिवाळ्यात मोकळे ठेवायचं ठरवलं आणि मोठ्या गाड्यांचा धंदा बसला. मग १९५९ मध्ये आली लहानशी 'स्की-डू'. पहिल्या वर्षी २२५ गाड्या खपल्या. हळूहळू गरजेच्या वाहनाची हौसेची गाडी झाली.

आता पुढचा भाग बघा. त्या गाड्यांत प्रत्येक स्कीच्या डोक्यावर एक कमानपाटा असे, आपल्या ट्रकला असतात तसाच, फक्त छोटा. स्टीअरिंगचा दांडा थेट गाडीच्या सांगाड्यात घट्ट. पाटा थोडासाच दबणार, तो संपला की उरलेला धक्का सांगाड्याला आणि तिथून तुमच्या मणक्याला. एका बाजूची स्की उंचवट्यावर चढली की अख्खी गाडी कलंडायची. एस्टीत मागच्या चाकावरची सीट मिळालेल्या माणसाला जास्त समजावून सांगायची गरज नाही.

आणि गंमत म्हणजे हे दुखणं कमी झालं ते शर्यतींमुळे. मिनेसोटाच्याच रोझो गावातल्या पोलारिसने १९७७-७८ च्या हंगामात 'आरएक्स-एल' ही शर्यतीची गाडी उतरवली. तिच्या दोन्ही स्की वेगवेगळ्या वरखाली होत. प्रत्येकीला स्वतःचा लांब दांडा, स्वतःची गुंडाळीची स्प्रिंग, स्वतःचा शॉक ॲब्सॉर्बर. तीच रचना १९८० सालच्या 'टीएक्स-एल इंडी'त साध्या गिऱ्हाइकाला मिळाली. पण मालक कंपनी टेक्स्ट्रॉनला हा धंदा नकोसा झाला होता. १९८१ मध्ये तिथल्याच व्यवस्थापकांनी पोलारिस विकत घेतली. ते धजावले नसते तर अण्णांच्या गॅरेजमध्ये ही गाडी उभी नसती. मग १९८४ मध्ये यामाहाच्या 'फेझर'ने दुर्बिणीच्या नळ्यांसारखं सस्पेन्शन आणलं, आणि २००३ च्या स्की-डू 'रेव्ह'ने तर बसणाऱ्यालाच पुढे सरकवलं.

असो. अण्णांची चूक काय झाली होती? त्यांनी आदल्या वर्षी सर्वांत कडक स्प्रिंगा आणून बसवल्या, आणि वर त्यांच्या कड्या फिरवून त्या आणखी दाबल्या. महाग म्हणजे चांगलं, कडक म्हणजे मजबूत, हा समज सगळीकडचाच. झालं काय, तर पुढचं तोंड उचललं गेलं, स्कींवर नको इतका भार आला, हँडल वळेना आणि कंबर गेली.

यंदा त्यांनी गॅसचे शॉक घेतले आणि स्वतःच्या वजनाला साजेशा मऊ स्प्रिंगा. मग नातवाला सीटवर बसवून (तो आता अण्णांहून दांडगा, तरी चालेल म्हणाले) गाडी किती बसते ते पट्टीने मोजलं, आणि चूक लक्षात आल्यावर नातवाला उतरवून स्वतः बसले. दोन्हीकडच्या कड्या आटे मोजून सारख्या केल्या. मागच्या पट्ट्याच्या आत पुढे एक आवळपट्टा असतो. तो आखडला की भार स्कींवर येतो, म्हणून तो एक भोक सैल सोडला. शेवटी हँडल सरळ ठेवून स्कींमधलं अंतर मोजलं. कार्बाइडच्या पट्ट्या खाली असलेल्या त्या स्की टोकाला किंचित बाहेर फाकलेल्या हव्यात, तीनेक ते सहा मिलिमीटर. आत वळल्या तर गाडी भरकटते म्हणे. टॉर्च माझ्या हातात होता.

शनिवारी बर्फ पडलं. अण्णा मागच्या शेतात दोन चकरा मारून आले, काही न बोलता गॅरेजमध्ये गेले आणि आट्यांचा आकडा भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवला. काकूंची पाटी दाराशेजारीच आहे, पण भिंतीकडे तोंड करून.