पांढऱ्या सायकली नेमक्या किती होत्या?

सार्वजनिक सायकल योजनांवर वाचायला घेतलंत की पहिल्याच पानांत ॲम्स्टरडॅम भेटतं. १९६५ साली ‘प्रोव्हो’ नावाच्या तरुणांच्या गटाने ५० सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता रस्त्यावर ठेवल्या, लोकांनी त्या चोरल्या, योजना फसली. एवढ्यात गोष्ट संपते, आणि आपण ती तशीच आपल्या साहित्य-आढाव्यात उतरवतो.

आता आकडाच धरा. ही कल्पना ज्याची, त्या लूड स्खिमेलपेनिंकने पुढे एका मुलाखतीत सांगितलं की सायकली जेमतेम दहा होत्या! मोठ्या कल्पनेची नुसती चुणूक. खरी मागणी निराळीच होती: शहराचा मध्यभाग मोटारींना बंद करा आणि पालिकेने दरवर्षी २०,००० पांढऱ्या सायकली घ्याव्यात. म्हणजे आपण नमुन्याचं अपयश मूळ योजनेच्या नावावर टाकतोय. प्रयोगशाळेत असं केलं तर गाइड वही परत फेकतील.

चोरीचं म्हणाल, तर आधी आले पोलिस. कुलूप नसलेली सायकल रस्त्यावर सोडणं कायद्याला मान्य नव्हतं, म्हणून त्यांनी सायकली जप्त केल्या. यावर प्रोव्होंनी आकड्यांची कुलपं लावली आणि उघडायचा आकडा सायकलीवरच रंगवून टाकला. (हा तपशील मला फार आवडतो.)

१९६६ मध्ये प्रोव्होंना नगरपरिषदेत एक जागा मिळाली. पुढच्या वर्षी स्खिमेलपेनिंक स्वतः तिथे होता. त्याने हिशोब मांडला: पालिका सार्वजनिक वाहतुकीवर दर माणशी, दर किलोमीटर जे पैसे घालते, त्याच्या दहा टक्क्यांत पांढरी सायकल चालेल. परिषदेने प्रस्ताव फेटाळला. म्हणजे निकाल लागला तो सभागृहात. तिथलं कामकाज न वाचता चोरांवर ठपका ठेवला की नागरिकांनी सुचवलेली कल्पना नागरिकांनीच बुडवली, असा इतिहास तयार होतो.

पुण्यातही २०१७ नंतर ॲपवरच्या सायकली आल्या आणि काही वर्षांत रस्त्यावरून गेल्या. ‘लोकांनी मोडल्या’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कुणाला यावर काम करायचं असेल तर बातम्यांच्या कात्रणांआधी कंपन्यांशी झालेले करार मागा. देखभाल कुणाकडे होती, सायकल ट्रॅक कुठे तुटत होता, तिथून सुरुवात करा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.