कत्तलखान्याच्या दाराशी उभा असलेला कायदा : कौटिल्य ते भिवंडी

१/ यंत्रमागांच्या भिवंडीत किलोभर मांस विकत घेणारा कामगार एक गोष्ट गृहीत धरतो : जनावर निरोगी होते, हे कोणीतरी पाहिले असेल. हा ‘कोणीतरी’ कोण? आजचा धागा लहान, स्थानिक कत्तलखान्यांतील मांसतपासणीच्या इतिहासाचा.

२/ प्रश्न प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात ‘सूनाध्यक्ष’ नावाचा स्वतंत्र अधिकारी आढळतो. सूना म्हणजे वधस्थान. वधस्थानाबाहेर मारलेल्या किंवा आपोआप मेलेल्या जनावराचे मांस आणि कुजके मांस विकण्यास मनाई होती. डोके, पाय व हाडे नसलेले मांसही वर्ज्य. दंड १२ पण. मांसाची पारख जागेशी बांधलेली असते, ही जाण तेव्हाही होती.

३/ आता आधुनिक मुंबई. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात, कत्तलखाने दाट वस्तीतून वांद्र्याला हलवले गेले. शहरातील विक्रीसाठी १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले. वांद्र्याची जागा पुढे १९७१ मध्ये देवनारने घेतली.

४/ मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या अधिनियमाने सार्वजनिक बाजार व कत्तलखाने बांधणे, चालवणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका अधिनियमातही तेच तत्त्व आले. भिवंडी-निजामपूर २००१ मध्ये महानगरपालिका झाल्यावर ते तिलाही लागू झाले. परवाना नसलेल्या ठिकाणी कापलेले मांस आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून शहरात विक्रीस आणता येत नाही. नागरिकावर बंधन आणि पालिकेवर कर्तव्य, अशा या कायद्याच्या दोन बाजू आहेत.

५/ तपासणी दोनदा का? काळपुळीसारखा रोग जनावर जिवंत असतानाच ओळखावा लागतो. असे जनावर कापले तर कापणाऱ्यालाही धोका. उलट क्षयाच्या गाठी किंवा यकृतातील कृमी शरीर उघडल्यावरच दिसतात. म्हणून कापण्यापूर्वी एक तपासणी आणि कापल्यानंतर दुसरी, मगच शिक्का.

६/ महाराष्ट्रात याला आणखी एक प्रश्न जोडला गेला. १९७६ च्या प्राणी संरक्षण अधिनियमानुसार म्हशी व पारडे कापण्यापूर्वी प्रमाणपत्र लागते. त्यात पाहायचे असते ते हे, की जनावर शेती, दूध वा पैदाशीस अजून उपयोगी आहे का. एक प्रश्न खाणाऱ्याच्या आरोग्याचा, दुसरा शेतीच्या अर्थकारणाचा. वाचताना या दोहोंची गल्लत करू नये. २०१५ च्या दुरुस्तीनंतर बैल व वळू कापण्यावर पूर्ण बंदी आली.

७/ २००१ च्या केंद्रीय नियमांनी प्राण्यांच्या यातनांचा विचार आणला : तपासणीनंतर २४ तास विश्रांती, एका जनावरासमोर दुसरे कापायचे नाही, आणि एका पशुवैद्याने तासाला १२ व दिवसाला ९६ हून अधिक जनावरे तपासायची नाहीत. २०११ च्या अन्नसुरक्षा नियमावलीत दिवसाला २ मोठी, १० लहान जनावरे किंवा ५० कोंबड्यांपर्यंत केवळ नोंदणी पुरते, त्यापुढे परवाना. तरीही स्थानिक संस्थेची संमती आवश्यकच.

८/ लहानांचा पेच जगभर आहे. अमेरिकेचा १९०६ चा मांसतपासणी कायदा राज्याबाहेर वा परदेशी जाणाऱ्या मांसापुरता होता. गावातच कापून गावातच विकणारे त्यातून सुटले. संघराज्याच्या तोडीची तपासणी त्यांच्यापर्यंत पोहोचवण्यासाठी १९६७ चा कायदा यावा लागला.

९/ इतिहासाचा निष्कर्ष साधा आहे. कत्तलखान्याला टाळे लागले म्हणून मांसाची मागणी थांबत नाही. ती नजरेआड जाते, आणि तेथे ना पशुवैद्य असतो ना शिक्का. ‘इतरत्र कापू नका’ हे सांगण्याचा अधिकार त्यालाच शोभतो, ज्याने कापण्याची योग्य जागा आणि तपासणारा माणूस दिला आहे. कायद्याची पहिली बाजू सर्वांच्या तोंडपाठ आहे. आपल्या शहरात दुसरी बाजू कितपत पाळली जाते, हे पालिकेच्या अर्थसंकल्पात जरूर शोधा.