लायडनच्या बरणीपासून टीव्हीच्या पेटीपर्यंत

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर एखादा जुना टीव्ही चादरीत गुंडाळून ठेवलेला असेल. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले आणि त्या काळात हे संच हप्त्याहप्त्याने मोहल्ल्यांत शिरले. आज कोणी विद्यार्थी ते हौसेने उघडू पाहतो, तर कोणी वडीलधारी माणसे "चालतो का बघू" म्हणून सरळ प्लग लावतात. या दोघांनाही त्यातील एका लहानशा भागाची हकीकत सांगावयाची आहे. पाठ्यपुस्तकात त्याला धारित्र म्हणतात; दुरुस्तीच्या दुकानात त्याचे नाव 'कंडेन्सर'.

हा भाग जन्मास आला तोच धक्का देत. १७४५ साली पोमेरेनियात एवाल्ड फॉन क्लाइस्ट हा गृहस्थ बाटलीत खिळा घालून घर्षणाने वीज साठवू पाहत होता. त्याने खिळ्याला हात लावला आणि त्याचा दंड सुन्न झाला. पुढच्याच वर्षी हॉलंडमधील लायडन येथे प्राध्यापक मुशेनब्रुक यांना पाण्याच्या बरणीने असाच तडाखा दिला. सारे फ्रान्सचे राज्य दिले तरी हा प्रयोग पुन्हा करणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी पत्रात लिहून कळविले. फ्रान्समध्ये मात्र नोले या विज्ञानप्रेमी पाद्र्याने १८० शिपायांना हातात हात देऊन उभे केले आणि राजासमोर एका बरणीने सर्वांना एकदम उडी मारावयास लावली. वीज बरणीतल्या पाण्यात नसून काचेच्या ठायी आहे, हे पुढे बेंजामिन फ्रँकलिनने दाखविले. दोन वाहक आणि मध्ये न वाहणारा पडदा, एवढाच कंडेन्सर. पडदा जितका पातळ आणि वाहकांचे क्षेत्रफळ जितके मोठे, तितकी साठवण अधिक.

पडदा पातळ करावयाचा तरी किती? काच गेली, अभ्रक आले, मेणात बुडविलेला कागद आला. १८९६ साली पोलिश संशोधक कारोल पोलाक याने वेगळीच वाट काढली. अ‍ॅल्युमिनियम विशिष्ट द्रावात ठेवून वीज सोडली की त्यावर ऑक्साइडचा थर आपोआप चढतो. हा थरच पडदा. कमी व्होल्टेजच्या कंडेन्सरमध्ये तो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. १९२५ च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युएल रुबेन याने सांडणाऱ्या द्रावाऐवजी भिजविलेला कागद गुंडाळून 'कोरडा' इलेक्ट्रोलिटिक केला. नाव कोरडे, पण पोट ओलेच! सारे दुखणे या ओलाव्यात आहे. आतला द्राव वर्षानुवर्षे हळूहळू उडून जातो, किंवा रबरी बुचातून पाझरून तांब्याच्या रेघा खातो. शिवाय संच न वापरता ठेवला तर ऑक्साइडचा थरही कमजोर होतो. म्हणजे जपून ठेवलेला टीव्ही जपला जातो असे नाही.

टीव्हीत या भागाला विश्रांती नाही. भारतीय पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे, प्रत्येक चित्र ६२५ रेषांचे. घरातील वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. ती डायोडने एकदिश केली तरी तिच्यात लाटा राहतात, त्या सपाट करण्याचे काम मोठ्या कंडेन्सरकडे. तो सुकला की पडद्यावर काळसर आडवा पट्टा सरकू लागतो, चित्राच्या कडा वळवळतात. उभ्या आखणीचा कंडेन्सर सुकला की चित्र वरून किंवा खालून दबते आणि बातम्या देणाऱ्याचे कपाळ आखूड होते. त्यातच दुसऱ्या महायुद्धानंतर छापील सर्किटची पाटी आली. पॉल आयस्लर या व्हिएन्नाच्या अभियंत्याने लंडनमध्ये तिचा पाया घातला. तारांचे जंजाळ मिटले, पण तापणाऱ्या भागांशेजारीच कंडेन्सर उभा राहू लागला. ढोबळ हिशेब असा की उष्णता १० अंशांनी वाढली की त्याचे आयुष्य निम्मे होते.

मग तो तपासावा कसा? जुन्या मिस्त्रींची रीत म्हणजे संशयित कंडेन्सरला चांगला कंडेन्सर समांतर लावून चित्र सुधारते का पाहणे. संच चालू असताना असे करणे हाताला धोक्याचे, आणि ट्रान्झिस्टरलाही. साधा मीटर साठवण दाखवितो, पण कंडेन्सरचा आतला रोध वाढलेला त्यात दिसत नाही. तो रोध पाटीवरून भाग न काढता मोजणारा स्वस्त मीटर ऑस्ट्रेलियाच्या बॉब पार्कर यांनी १९९६ साली तेथील एका मासिकात मांडला आणि गल्लीतल्या कारागिरालाही ही तपासणी परवडू लागली.

माझा भाचा दहावी झाला त्या सुट्टीत त्याने आमचा जुना कृष्णधवल संच खाली काढला. त्याच्या अब्बांना हे पसंत नव्हते. "पुस्तक सोडून मिस्त्रीगिरी कशाला?" असे ते म्हणाले. पेच उघडून मुलगा आत बोट घालणार, तोच मी मनगट धरले. "मामू, प्लग तर काढलाय!" तो म्हणाला. मी त्याला मुशेनब्रुकची गोष्ट सांगितली. प्लग काढल्यावरही कंडेन्सर भरलेला असू शकतो. चित्रनळी तर स्वतःच एक लायडनची बरणी आहे. तिची काच मध्ये, आत-बाहेर वाहक लेप, आणि वर काही हजार व्होल्ट. तिला जाणत्याखेरीज कोणी हात लावू नये. बाकीचे मोठे कंडेन्सर आम्ही रोधातून रिकामे केले, मीटरने शून्य पाहिले, मगच डाग सोडविले.

मुलाने वहीत दोन रकाने आखले. १००० मायक्रोफॅरड लिहिलेला कंडेन्सर १४० दाखवीत होता. नवे घेताना साठवण तीच, व्होल्टेज तेवढे किंवा थोडे अधिक, आणि ८५ ऐवजी १०५ अंशांचे, असे ठरविले. एकेक काढायचा, एकेक लावायचा, धन-ऋण बाजू दोनदा पाहायची; उलटा लागला तर तो फुटतो. शेवटी मुख्य तारेत ६० वॅटचा बल्ब मालिकेत घालून संच सुरू केला. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला.

अब्बा दारात उभे होते. पडदा काठोकाठ उजळला, पण मुंग्याच मुंग्या. जुन्या अँटेनावर येणारे ते प्रक्षेपण आता बंद झाले आहे. ते काही वेळ पाहत राहिले, मग मुलाला म्हणाले, "तो १४० वाला दाखव जरा."