बोरूची कत आणि शिशाचे अक्षर

मानवतला आमच्या माजघरात एक पोथी होती. आजी ती लाल फडक्यातून सोडी आणि चष्म्याविना वाची. "अक्षर कसं मोत्यावानी हाय," हे तिचे ठरलेले बोलणे. ते अक्षर मुंबईच्या निर्णयसागराचे, हे मला फार पुढे कळले. तेव्हा मी वडिलांच्या लहानशा छापखान्यात खिळे जुळवू लागलो होतो.

त्या खिळ्यांची हकिगत मौजेची आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईस शिळाप्रेसवर पंचांग छापले. शाईत चरबी असेल म्हणून सोवळी मंडळी बिचकत, तेव्हा त्यांनी शाईत तूप घातले असे सांगतात. पुढे अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम देवनागरी खिळे पाडू लागला, आणि तिथेच जावजी दादाजी नावाचा पोर दरमहा दोन रुपयांवर खिळे घासू लागला. याच पोराने १८६४ मध्ये स्वतःचा ओतकारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला! अक्षरे कोरली त्यांचे स्नेही राणोजी रावजी आरू यांनी. पोलादाच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, ते तांब्यावर ठोकून साचा करायचा, त्यात शिसे, कथील आणि अँटिमनीचा रस ओतायचा. जावजींचे नाव सर्वांस ठाऊक, आरूंचे फार थोड्यांस. मला हे नेहमी खटकते.

या अक्षरात बोरू दिसतो. आपल्या बोरूची कत इंग्रजी लेखणीच्या उलट, म्हणून जाड-बारीकही उलट पडते. शिरोरेषा ठसठशीत, वळण भरदार, टोक तिरपे छाटलेले. असे अक्षर मोठ्या आकारात शोभते: पोथीला, पुस्तकाच्या नावाला, लग्नपत्रिकेत वधूवरांच्या नावांना. बारीक मजकुराला मात्र ते घालू नये. नाजूक रेघा झिजतात, गाठी शाईने बुजतात आणि 'घ'चा 'ध' वाचला जातो. आडत दुकानाच्या कापसाच्या जाहिरातीस वडील साधे जाड अक्षर घेत. "बाजारात शालू नेसून जात नसतात," म्हणत.

१९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. सरकारी कागद उर्दूत, कातिबाच्या हातचे, शिळेवर छापलेले. तेही देखणेच. पण वडिलांना स्वतःच्या लिपीत छापण्याची भूक होती, आणि पोथीचा तो टाइप त्यांनी उसनवारी करून आणला होता.

ऑफसेट आल्यावर मी सारे खिळे किलोवर विकले. वडील ओट्यावर बसले होते. "पोथीचा टाइपही दिलास?" एवढेच त्यांनी विचारले. मी हो म्हटले. ते उठून आत गेले.

केसेच्या फटीत एक 'ज्ञ' अडकून राहिला होता. परवा पोथी काढली आणि तिच्यातल्या 'ज्ञ'शेजारी तो धरला. खिळ्यावरचे अक्षर उलटे. नातीने आरसा आणून दिला, तेव्हा दोन्ही जुळले.