धातुशोधक : ओल्या जमिनीतील खोटे संकेत

जमिनीत धातू नसताना धातुशोधक वाजला, तर त्याला खोटा संकेत म्हणतात. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधताना अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे यंत्र फसले. गादीतील पोलादी स्प्रिंगांनी त्यात गोंधळ घातल्याचे मानतात. ओल्या जमिनीत असाच गोंधळ माती आणि पाणी घालतात.

तत्त्व : यंत्राच्या तबकडीतील एका वेटोळ्यातून बदलता प्रवाह वाहतो. त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि त्यांचा परिणाम दुसरे वेटोळे टिपते. नुसते पावसाचे पाणी फारसे वीजवाहक नसते. पण मातीतील क्षार त्यात विरघळले की जमीनच मंद वीजवाहक होते. खाऱ्या ओलीचा संकेत बहुधा चांदीच्या कागदाच्या कपट्यासारखा भासतो. बेसाल्टच्या मातीतील मॅग्नेटाइट किंवा कोकण किनाऱ्यावरची काळी वाळू कोरडी असली तरी यंत्राला त्रास देते. तो त्रास चुंबकीय खनिजांचा, ओलीचा नव्हे.

क्लोनडॉकिन, ओल्या जमिनीचे एक उदाहरण : आयर्लंडमधील डब्लिनच्या पश्चिमेच्या या उपनगराखाली चुनखडक असून त्यावर हिमनद्यांनी आणून टाकलेली चिकणमाती आहे. ती पाणी धरून ठेवते. येथे वर्षाला साधारण ७५० मिमी पाऊस पडतो. रत्नागिरीच्या मानाने तो थोडा, पण बारमाही असल्याने जमीन क्वचितच पुरती वाळते. समुद्र दूर असला, तरी हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ कडेच्या गवतात उतरते. विजेच्या तारा व जवळून धावणारी लुआस ट्राम हे आवाजाचे वेगळे उगम आहेत.

निदान : तबकडी जमिनीपासून वर, हवेत स्थिर धरावी. तरीही यंत्र कुरकुरत असेल, तर बाहेरचा विद्युत् हस्तक्षेप किंवा यंत्रातील बिघाड समजावा. केबल हलवताच आवाज आला, तर दोष केबलमध्ये किंवा जोडात असतो. जोडात ओल शिरलेली असू शकते. हवेत शांत असलेले यंत्र जमिनीजवळ नेताच वाजू लागले, तर कारण जमिनीत शोधावे. एकाच जागेवरून आडवे आणि उभे फिरवूनही सारखाच येणारा संकेत बहुधा खरा असतो. एकाच दिशेने किंवा अधूनमधून येणारा संशयास्पद.

उपाय : जागा बदलली किंवा पावसाची सर येऊन गेली की यंत्राचे जमिनीशी संतुलन, म्हणजे जमिनीचा स्वतःचा संकेत वगळण्याची जुळणी, पुन्हा साधावे. ते जिथे धातू नाही अशा जागीच करावे. संवेदनशीलता थोडी उतरवल्यास खोली थोडी घटते, पण खरे संकेत स्पष्ट ऐकू येतात. तबकडी एकाच उंचीवरून, ओल्या गवतावर न आपटता फिरवावी. तिच्या आवरणात साचलेला चिखल काढावा. केबल दांड्याला घट्ट गुंडाळावी आणि जोड कोरडे ठेवावेत. बाहेरचा हस्तक्षेप असल्यास वारंवारता बदलून पाहावी. खाऱ्या जागी अनेक वारंवारतांवर एकाच वेळी चालणारी यंत्रे अधिक स्थिर राहतात.

कायदा : क्लोनडॉकिनमध्ये संत मोचुआच्या मठाचा वारसा सांगणारा, सुमारे २५ मीटर उंचीचा प्राचीन गोल मनोरा आहे. म्हणून अशा ठिकाणी शोध घेण्याआधी कायदा पाहावा. आयर्लंडमध्ये १९८७ च्या कायद्याने पुरावस्तू शोधण्यासाठी विनापरवाना धातुशोधक वापरणे हा गुन्हा ठरवला. चुकून अशी वस्तू सापडली, तर ती राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाला कळवावी लागते.