जामरोधी ब्रेक पद्धती

मोटारगाडी, मालमोटार, मोटारसायकल इ. वाहनांचे ब्रेक जोराने दाबले असता चाके फिरावयाची थांबून रस्त्यावरून घसटत जाऊ नयेत, यासाठी ब्रेकमधील दाबाचे आपोआप नियमन करणाऱ्या पद्धतीला जामरोधी ब्रेक पद्धती म्हणतात. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती व्यवहारात ‘एबीएस’ या नावाने ओळखली जाते. वाहन कमी अंतरात थांबविणे हे तिचे मुख्य कार्य आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि ब्रेक पूर्ण दाबलेले असतानाही वाहनाची दिशा चालकाच्या ताब्यात राहावी, हा तिचा मूळ हेतू होय. या दोहोंतील फरक लक्षात न घेतल्यामुळे ही पद्धती बसविलेल्या वाहनांचेही अपघात होतात.

तत्त्व : वाहन थांबविणारी प्रेरणा अखेरीस टायर व रस्ता यांच्यामधील घर्षणातूनच मिळते. फिरत्या चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग क्षणभर जवळजवळ स्थिर असतो. ब्रेक लावल्यावर चाकाचा परिघीय वेग वाहनाच्या वेगापेक्षा कमी होतो व थोडे घसरण सुरू होते. ही घसरण सु. १० ते ३० टक्के असताना घर्षण बहुतेक पृष्ठांवर कमाल असते. ब्रेक याहून अधिक दाबल्यास चाक क्षणार्धात पूर्ण थांबते, म्हणजे जाम होते व घर्षण कमी होते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, पूर्ण घसरणाऱ्या टायरवरील घर्षण केवळ घसरण्याच्या विरुद्ध दिशेने कार्य करते. वळण्यास आवश्यक असलेली बाजूची प्रेरणा मिळत नाही. त्यामुळे पुढील चाके जाम झालेली मोटारगाडी सुकाणू चक्र कितीही फिरविले, तरी सरळच जाते. मागील चाके आधी जाम झाल्यास ती स्वतःभोवती फिरते. मोटारसायकलीचा तोल चाकाच्या फिरण्यावरच अवलंबून असल्याने तिचे पुढील चाक जाम होताच ती बहुधा कोसळते.

इतिहास : चाक जाम होण्याचा प्रश्न प्रथम रेल्वेगाड्यांच्या बाबतीत जाणवला. लोखंडी चाक व लोखंडी रूळ यांमधील आसंजन मुळातच कमी असते आणि पाऊस किंवा दव यांमुळे ते आणखी घटते. जाम झालेले चाक रुळावरून घासत गेल्यास त्याचा परिघ एका ठिकाणी चपटा होतो. मुंबई–पुणे मार्गावरील बोरघाटासारख्या (१८६३) १:३७ इतक्या तीव्र उताराच्या लोहमार्गावर गाडी ताब्यात ठेवणे ही प्रत्येक फेरीतील कसोटी होती. रुळांवर वाळू सोडून आसंजन वाढविण्याची युक्ती अशा मार्गांवर सर्वत्र वापरली जाई.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास कॅप्टन डग्लस गॉल्टन यांनी जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या साहाय्याने १८७८ मध्ये इंग्लंडमध्ये लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेवर केला. ब्रेकचा ठोकळा व चाक यांमधील घर्षण वेग कमी होत जाईल तसे वाढते, म्हणून सुरुवातीस योग्य असलेला दाब नंतर चाक जाम करतो. तसेच जाम झालेले चाक फिरत्या चाकापेक्षा पुष्कळच कमी रोध करते, असे त्यांना आढळले. जामरोधी ब्रेक पद्धतीमागील मूलभूत तथ्य अशा प्रकारे मोटारगाडी प्रचारात येण्यापूर्वीच प्रस्थापित झाले होते. १९०८ मध्ये जे. ई. फ्रान्सिस यांनी रेल्वेवाहनांसाठी घसरण रोखणारा एक नियामक सुचविला.

पुढील प्रगती विमानांमुळे झाली. धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाचा वेग मोठा असतो व चाक जाम झाल्यास टायर काही क्षणांत फुटतो. फ्रेंच विमान निर्माते गाब्रिएल व्ह्वाझँ यांनी सु. १९२० मध्ये ब्रेकमधील द्रवाच्या दाबाचे नियमन करण्याचे प्रयोग केले. जर्मनीत बॉश कंपनीने १९३६ मध्ये मोटारगाडीची चाके जाम होऊ न देणाऱ्या प्रयुक्तीचे एकस्व मिळविले. परंतु तिचे भाग इतके व इतके मंदगती होते की, ती व्यवहारात उतरली नाही. ब्रिटनमधील डनलॉप कंपनीची ‘मॅक्सारेट’ ही प्रयुक्ती मात्र १९५० नंतरच्या दशकात अनेक विमानांवर वापरली गेली. ती संपूर्णपणे यांत्रिक होती. चाकाबरोबर फिरणारे एक लहान प्रचक्र तीत असे. चाकाचा वेग एकाएकी घटला, तरी प्रचक्र निरूढीमुळे पूर्वीच्याच वेगाने पुढे जाई आणि या फरकाने झडप उघडून ब्रेकचा दाब उतरे.

१९५८ मध्ये इंग्लंडमधील रोड रिसर्च लॅबोरेटरीने रॉयल एन्फील्ड कंपनीच्या ‘सुपर मीटिओर’ मोटारसायकलीवर मॅक्सारेट बसवून चाचण्या घेतल्या. ओल्या व निसरड्या रस्त्यावर तिचा लाभ स्पष्ट दिसला. पण निर्मात्यांनी ती उत्पादनात आणली नाही. याच कंपनीची ‘बुलेट’ १९५५ पासून मद्रास (चेन्नई) येथे जुळविली जाऊ लागली होती. भारतीय मोटारसायकलींना जामरोधी ब्रेक मिळण्यास त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला. १९६६ मध्ये ब्रिटनमधील ‘जेन्सन एफएफ’ या मोटारगाडीत मॅक्सारेट वापरण्यात आली. परंतु ती महाग व अल्प संख्येने तयार होणारी गाडी होती.

यांत्रिक प्रयुक्तीची जागा इलेक्ट्रॉनीय नियंत्रणाने घेतल्यावरच या पद्धतीचा प्रसार शक्य झाला. अमेरिकेत १९७१ मध्ये क्राइस्लर कंपनीने ‘इम्पीरियल’ गाडीत बेंडिक्स कंपनीने तयार केलेली चारही चाकांची पद्धती दिली. तेथे १९७५ मध्ये वायुदाब ब्रेक असलेल्या मालमोटारींना ही पद्धती जवळजवळ सक्तीची करणारे मानक लागू झाले. तत्कालीन इलेक्ट्रॉनीय साधने रस्त्यावरील हादरे, ओल व उष्णता यांत टिकेनात. १९७८ मध्ये न्यायालयाने त्या मानकातील संबंधित तरतुदी रद्द ठरविल्या. अपुऱ्या तयारीने केलेली सक्ती विश्वास कमी करते, हा धडा या क्षेत्रातील अभियंत्यांना त्यातून मिळाला.

जर्मनीत टेल्डिक्स या कंपनीने १९६० नंतरच्या दशकात सुरू केलेले काम पुढे बॉशने हाती घेतले. सु. एक हजार सुट्या घटकांच्या सदृश मंडलाऐवजी अंकीय संकलित मंडले वापरल्याने घटकांची संख्या सु. १४० वर आली व विश्वसनीयता वाढली. ही पद्धती ऑगस्ट १९७८ मध्ये मर्सिडीझ-बेंझच्या ‘एस’ वर्गातील गाड्यांसाठी सादर झाली. आधुनिक जामरोधी ब्रेक पद्धतीचा आरंभ येथून मानतात. १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूने ती मोटारसायकलीवर उपलब्ध केली. तिच्याच संवेदकांवर आधारलेली स्थैर्य नियंत्रण पद्धती १९९५ मध्ये प्रचारात आली.

रचना व कार्य : प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा संवेदक असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या दंतुर कड्यामुळे त्यात विद्युत् स्पंद निर्माण होतात व त्यांच्या वारंवारतेवरून चाकाचा वेग कळतो. हे संकेत नियंत्रकाकडे जातात. वाहनाचा वेग जितक्या त्वरेने कमी होऊ शकेल त्याहून अधिक त्वरेने एखाद्या चाकाचा वेग घटू लागल्यास ते जाम होण्याच्या बेतात आहे, असे नियंत्रक ठरवितो. मग त्या चाकाकडे जाणारी आगम झडप बंद होऊन दाब स्थिर राहतो. तेवढ्याने न भागल्यास निर्गम झडप उघडून दाब उतरविला जातो व पंप तो द्रव परत ढकलतो. चाक पुन्हा वेग घेताच दाब वाढविला जातो. हे चक्र सेकंदाला अनेक वेळा घडते. त्यामुळे ब्रेकच्या पेडलला थरथर जाणवते व खटखट असा आवाज येतो. वाहन अगदी मंद चालत असताना ही पद्धती कार्य करीत नाही. तिच्यात बिघाड झाल्यास सूचक दिवा लागतो व ब्रेक साध्या ब्रेकप्रमाणे चालतात.

भारतातील प्रसार : भारतीय वाहन उद्योगाच्या दृष्टीने पुणे परिसर या विषयात महत्त्वाचा आहे. वाहनांच्या ब्रेकची चाचणी व प्रमाणन करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. जामरोधी ब्रेकचे संच चाकण येथील बॉशच्या कारखान्यात तयार होतात. चाकण येथेच बजाज कंपनीच्या कारखान्यात तयार झालेली ‘केटीएम ३९० ड्यूक’ ही मोटारसायकल २०१३ मध्ये या ब्रेकसह बाजारात आली. त्यापूर्वी २०११ मध्ये टीव्हीएस कंपनीने ‘अपाची’ मोटारसायकलीवर ते दिले होते. अवजड वाहनांना ही पद्धती २०१५ पासून टप्प्याटप्प्याने आवश्यक करण्यात आली. मोटारगाड्या आणि १२५ घ. सेंमी.हून अधिक क्षमतेच्या दुचाकी यांच्या नव्या प्रतिमानांसाठी १ एप्रिल २०१८ पासून व विकल्या जाणाऱ्या सर्व वाहनांसाठी १ एप्रिल २०१९ पासून ती सक्तीची झाली. त्याहून लहान दुचाकींना जामरोधी ब्रेक किंवा संयुक्त ब्रेक यांपैकी एकाची मुभा देण्यात आली. संयुक्त ब्रेकमध्ये एकच तरफ दाबल्यावर दोन्ही चाकांना ब्रेक लागतात. चाक जाम होणे त्यामुळे टळत नाही. नावातील साम्यामुळे अनेक ग्राहक या दोहोंची गल्लत करतात. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्यू पावल्या व त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होत्या. ही संख्या पाहता या फरकाचे महत्त्व लक्षात येईल.

चालकांचे गैरसमज : (१) ‘जामरोधी ब्रेकमुळे वाहन नेहमी कमी अंतरात थांबते’ ही समजूत सर्वांत व्यापक आहे. ओल्या डांबरी रस्त्यावर बहुधा तसे घडते; कोरड्या रस्त्यावर फरक अल्प असतो. सुटी खडी, वाळू किंवा जाड चिखल यांवर मात्र थांबण्याचे अंतर वाढू शकते, कारण जाम झालेले चाक रुतून आपल्यापुढे ढीग रचते व तो रोध करतो. फिरत्या चाकाला हा लाभ मिळत नाही. शिवाय रस्त्याचे घर्षण वाढविणे कोणत्याही ब्रेकच्या हाती नसते. हिंगोली जिल्ह्यातील साखरा व त्यासारख्या काळ्या मातीच्या प्रदेशातील गावांच्या रस्त्यांवर पावसाळ्यात शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर चिखल डांबरावर पसरतो. कोरड्या डांबरावर घर्षण गुणांक सु. ०·८ धरल्यास ताशी ६० किमी. वेगाने जाणारे वाहन ब्रेक लागल्यापासून सु. १८ मी. अंतरात थांबते. चिखलाच्या पातळ थरामुळे गुणांक ०·३ इतका उतरल्यास हेच अंतर सु. ४७ मी. होते. चालकाला प्रतिक्रियेस एक सेकंद लागल्यास दोन्ही बाबतींत आणखी सु. १७ मी. मिळवावे लागतात. जामरोधी ब्रेक अशा रस्त्यावर वाहन सरळ ठेवतात व बाजूने काढू देतात. अंतर पुसून टाकीत नाहीत. टायर झिजलेले असल्यास हा लाभही घटतो.

(२) पेडल थरथरू लागताच ब्रेकमध्ये बिघाड झाला, असे वाटून अनेक चालक पाय उचलतात. वास्तविक ही थरथर पद्धती कार्य करीत असल्याची खूण आहे. ज्या क्षणी पूर्ण दाब हवा, नेमक्या त्याच क्षणी तो काढून घेतला जातो. (३) निसरड्या रस्त्यावर ब्रेक थोडा थोडा, पुनःपुन्हा दाबावा, हे पूर्वी शिकविले जाई व साध्या ब्रेकसाठी ते योग्यच होते. जामरोधी ब्रेक असताना हे काम यंत्रणा चारही चाकांसाठी स्वतंत्रपणे व कितीतरी जलद करते. चालकाने पेडल जोराने दाबून तसेच धरावे व अडथळ्याच्या बाजूने वाहन वळवावे, हे उचित होय. संकटकाळी पुष्कळ चालक पुरेशा जोराने ब्रेक दाबीतच नाहीत, असे आढळल्यामुळे १९९६ मध्ये ब्रेक-साहाय्य पद्धती निघाली. (४) ब्रेक दाबलेले असतानाही चाके वळतात, याचा अंदाज नसलेला चालक घाबरून सुकाणू चक्र एकदम पूर्ण फिरवितो व वाहन रस्त्याबाहेर जाते.

(५) घाटातील लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्याने ते तापून निकामी होतात. चाक जाम होणे व ब्रेक निकामी होणे हे भिन्न दोष आहेत. जामरोधी पद्धती केवळ दाब कमी करू शकते. तापलेल्या ब्रेकची गेलेली पकड ती परत आणू शकत नाही. बोरघाटात उतरणाऱ्या भरलेल्या मालमोटारीला खालचा गिअर व एंजिनाचा रोध यांचाच आधार घ्यावा लागतो. (६) मोटारसायकल वळणावर कललेली असताना टायरच्या घर्षणाचा मोठा भाग वळण्यात खर्च झालेला असतो. साधी जामरोधी पद्धती हा कल मोजीत नाही. शिवाय काही मोटारसायकलींत ती केवळ पुढील चाकाला असते. म्हणून वळणापूर्वीच वेग कमी करणे आवश्यक असते.

परिणाम : म्यूनिक येथील टॅक्सींवर केलेल्या प्रसिद्ध अभ्यासात जामरोधी ब्रेक असलेल्या व नसलेल्या गाड्यांच्या अपघातांचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले, सुरक्षिततेच्या भरवशावर चालक अधिक आक्रमकपणे गाडी चालवीत होते. अमेरिकन शासनाच्या २००९ मधील विश्लेषणानुसार मोटारगाड्यांच्या एकूण अपघातांत सु. ६ टक्के घट झाली; प्राणघातक अपघातांवर मात्र एकंदर परिणाम जवळजवळ शून्य होता. याउलट मोटारसायकलींच्या बाबतीत लाभ ठळक आहे. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेला जामरोधी ब्रेक असलेल्या मोटारसायकलींच्या प्राणघातक अपघातांचे प्रमाण सु. २२ टक्क्यांनी कमी आढळले. दुचाकीस्वाराला चाक जाम झाल्यावर सावरण्याची संधी जवळजवळ नसते, हे त्याचे कारण होय. १९७८ मध्ये महागड्या मोटारगाडीसाठी सिद्ध झालेल्या या पद्धतीचा सर्वाधिक उपयोग अशा प्रकारे दुचाकी वाहनावर होतो. आणि भारतातील १२५ घ. सेंमी.पर्यंतच्या बहुसंख्य दुचाकी नेमक्या २०१८ च्या सक्तीतून वगळल्या गेल्या. सर्व दुचाकींना ती आवश्यक करण्याच्या प्रस्तावाचा मसुदा केंद्र शासनाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केला.